जुनापाणीची दगडी वर्तुळं: बघायला शिकलात तरच मजा आहे

चार स्टार देऊन राहिलो, पाचवा कापला कारण सावली नाही, प्यायचं पाणी नाही आणि समजावून सांगणारं तर कोणीच नाही. काटोल रोडने निघालं की शहर संपता संपताच येतं हे, लांब बिलकुल नाही, तरी अर्ध्या नागपूरला माहीत नाही बाप्पा.

लहान पोरांना घेऊन पिकनिक म्हणून जाल तर दहा मिनिटांत "एवढंच?" ऐकावं लागेल. पहिल्यांदा दिसतं काय, तर माळरानावर काळ्या दगडांची गोल रिंगणं, मधे मुरूम-गोट्यांचा बसका ढीग, बस. पण ही अडीच-तीन हजार वर्षांपूर्वीची दफनं आहेत आणि अशी साधारण ३०० वर्तुळं या भागात आहेत. दगड बघून अश्मयुग वगैरे समजू नका, हे लोखंडवाले लोक होते. रिव्हेट-कार्नाक नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याने १८७९ मध्ये इथल्या खोदकामाची माहिती छापली, त्यात लोखंडी खंजीर, कुऱ्हाडी, छिन्न्या आणि चक्क घोड्याचे लगाम! पुढे १९६०च्या दशकात पुरातत्त्वज्ञ बी. के. थापर यांनी परत खोदलं तर घोड्याच्या जातीच्या जनावराची हाडंही मिळाली, म्हणजे माणसासोबत घोडाही पुरायचे, हे वाचून गेलं की तोच ढीग वेगळा दिसतो.

खरी गंमत दगडांवरच्या खळग्यांची. काही दगडांवर वाटीएवढे गोल खळगे रांगेने कोरलेत, ते भर दुपारी दिसतच नाहीत, सकाळी लवकर तिरपं ऊन असताना जा म्हणजे उठून दिसतात. टीआयएफआर म्हणजे मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतले शास्त्रज्ञ मयंक वाहिया, त्यांच्या टीमने मोजमाप केलं तेव्हा असे दगड ठराविक दिशांनाच बसवलेले दिसले, म्हणून आकाशाशी काही संबंध असावा असा त्यांचा अंदाज आहे. मला पटतो, पण तुम्ही होकायंत्र घेऊन स्वतः बघा नं, मोबाईलमधलं चालते.

संरक्षित स्मारक आहे तरी कोणीतरी दगडावर खडूने बदाम काढून ठेवलाय, काय बोलायचं अशांना. ढिगावर चढून सेल्फी नका काढू, कोणाची तरी कबर आहे ती.

हिवाळ्यात जा, बूट घाला, पाण्याची बाटली घरूनच न्या. वेळ उरला तर तिकडेच महुरझरी आहे, तिथे पुरातत्त्वज्ञ शां. भा. देव यांनी उत्खनन केलं होतं, मणी बनवणाऱ्यांचं गाव होतं ते, फक्त जमिनीवर काही सापडलं तर खिशात टाकू नका.