जुनी गाडी पुढचे टायर खाते: दोरी-टेप की कॉम्प्युटर अलाइनमेंट?

माझ्या जुन्या प्रीमियर पद्मिनी गाडीचे पुढचे टायर बाहेरच्या कडेने खाल्ले जायला लागले, तेव्हा मी सरळ कॉम्प्युटर अलाइनमेंट, म्हणजे यंत्रावर चाकांचे कोन जुळवणं, करून घेतली. कागदावर सगळे आकडे हिरवे. दोन हजार किलोमीटरनंतर टायरची तीच गत. दोष यंत्राचा नव्हता. किंगपिन, म्हणजे ज्या उभ्या खिळीवर पुढचं चाक डावी-उजवीकडे वळतं ती, झिजलेला होता, आणि डुगडुगणाऱ्या चाकाचं माप रस्त्यावर टिकत नाही.

म्हणून पैसे कुठेही देण्याआधी गाडी जॅकने उचलून स्टँडवर टेकवा. चाक वर आणि खाली धरून हलवा. खडखडलं तर कोणाला तरी ब्रेक दाबून धरायला सांगा. खडखड थांबली तर व्हील बेअरिंग सैल. तरी चालू राहिली तर किंगपिन किंवा बुश (तो ज्यात फिरतो ती नळी). डावीकडे-उजवीकडे धरून हललं तर टाय रॉडचे (स्टिअरिंगचं वळण चाकापर्यंत नेणाऱ्या दांड्याचे) एंड बघा. मग टायरवरून आडवा हात फिरवा. बाहेरून आत जाताना गुळगुळीत आणि आतून बाहेर येताना करवतीसारखं बोचलं, तर टो-इन जास्त आहे, म्हणजे चाकांची पुढची टोकं आत वळलेली आहेत. उलट बोचलं तर टो-आउट, म्हणजे ती बाहेर वळलेली. धार न लागता एकच कड सपाट झिजली असेल तर कॅम्बरचा, म्हणजे चाक वरून आत किंवा बाहेर कलल्याचा, संशय घ्या. दोन्ही कडा झिजल्या तर हवा कमी, मधला पट्टा झिजला तर हवा जास्त. त्याला अलाइनमेंटची गरजच नाही.

दोरी-टेपची पद्धत फक्त टो (टो-इन किंवा टो-आउट किती ते) मोजते, पण नीट मोजते. चाक फिरवत ठेवून टायरच्या मधोमध खडू लावा आणि खिळ्याने बारीक रेघ ओढा. गाडी खाली घेऊन थोडी पुढे ढकला, म्हणजे सस्पेन्शन बसतं. हबच्या उंचीवर, पुढच्या बाजूला दोन रेघांमधलं अंतर दोरी किंवा टेपने घ्या. मग गाडी चाकाचा अर्धा फेरा पुढेच ढकला आणि त्याच खुणा मागे आल्या की पुन्हा मोजा. वाकडी रिम असली तरी माप फसत नाही, कारण खुणा त्याच आहेत. पुढचं अंतर कमी भरलं तर तो टो-इन.

यंत्राचा खरा उपयोग कॅम्बर आणि कॅस्टरला (चाक ज्या अक्षावर वळतं त्याचा पुढे-मागे कल). गाडी एका बाजूला ओढत असेल किंवा वळणानंतर स्टिअरिंग स्वतःहून सरळ होत नसेल, तर दोरीने काहीच कळणार नाही. मात्र गाडीचं मॅन्युअल सोबत न्या. संगणकात तुमची गाडी नसली तर ऑपरेटर जवळचं एखादं नवं मॉडेल निवडतो.

माझं मत असं: १९२८ ते १९३१ मधल्या फोर्ड मॉडेल ए सारख्या सलग अॅक्सलच्या (दोन्ही पुढची चाकं एकाच आडव्या दांड्यावर असलेल्या) गाडीला दोरी पुरते. तिथे कॅम्बर अॅक्सलच्या घडणीतच असतो. अॅक्सल वाकला असेल तरच यंत्र आणि जाणकार कारागीर लागतो. पद्मिनीसारख्या विशबोनच्या (प्रत्येक पुढचं चाक स्वतंत्र आडव्या भुजांवर असलेल्या) गाडीला किंगपिन-बुशचं काम झाल्यावर एकदा यंत्रावर न्या, पुढे वर्षानुवर्षं घरच्या घरी टो बघा.

एक गोष्ट दोन्हीकडे सुटते. मॅन्युअलमधला टो जुन्या क्रॉसप्लाय (आतले धागे तिरपे, एकमेकांवर आडवे असलेल्या) टायरसाठी लिहिलेला असतो. आजचे रेडियल टायर (धागे कडेपासून कडेपर्यंत सरळ) बसवले असतील तर त्याहून कमी टो-इन चालतो, बऱ्याचदा जेमतेम एक-दीड मिलिमीटर. आणि एका अॅक्सलवर एक रेडियल, एक क्रॉसप्लाय असेल, तर आधी टायर बदला, मोजणी त्यानंतर.