आठ महिने लसूण: आधी कॅप्सूल, मग कच्चा

रिपोर्टमध्ये एलडीएल, म्हणजे वाईट कोलेस्टेरॉल, १४८ आलं. डॉक्टरांनी पथ्य सांगितलं, आणि घरी येता येता मी लसणाच्या तेलाच्या कॅप्सूल घेऊन आलो. दोन महिने नेमाने घेतल्या. ढेकरांपलीकडे काही हाती लागलं नाही. मग एकदा चष्मा लावून बाटलीवरची बारीक अक्षरं वाचली, तर ज्याच्यासाठी एवढा खटाटोप चालला होता त्या ॲलिसिन या गंधकाच्या संयुगाचं नावच नाही!

असणार तरी कसं? ॲलिसिन लसणात तयार नसतंच. आख्ख्या पाकळीत असतं ॲलिइन, त्याला वास नाही. ॲलिनेज नावाचं एन्झाइम तिथेच, पण वेगळ्या कप्प्यात. पाकळी ठेचली की कप्पे फुटतात, दोघांची गाठ पडते आणि बघता बघता ॲलिसिन होतं. खलबत्त्यात पहिला घाव बसताच जो वास उठतो, तो हाच. अमेरिकेत कॅव्हॅलिटो आणि बेली या संशोधकांनी १९४४ साली ते वेगळं काढलं. पण ते फार टिकत नाही. वाफेवर काढलेल्या लसूण तेलात उरतात ती त्याच्यापुढची गंधकाची संयुगं.

तिसऱ्या महिन्यापासून कच्च्यावर आलो. सुरुवातीला पाकळी गोळीसारखी पाण्याबरोबर गिळायचो. वास नाही, त्रास नाही, आणि उपयोगही जवळपास नाही, कारण पोटातल्या आम्लात ॲलिनेज निकामी होतं. आता दोन पाकळ्या ठेचतो, दहा मिनिटं तशाच ठेवतो आणि भाकरीबरोबर खातो. उष्णतेनेही एन्झाइम मरतं, म्हणून फोडणीचा लसूणसुद्धा आधी ठेचून ठेवायचा असा हट्ट मी धरला. थोडा तरी गुण टिकतो. ‘तुमच्या रसायनशास्त्रापायी आमटीला उशीर होतो,’ ही म्हणते.

त्रास दोन. रिकाम्या पोटी खाल्ला त्या आठवड्यात छातीत अशी जळजळ झाली की विचारू नका. दुसरा तोंडाचा वास. तो ब्रशने जात नाही, कारण त्यातलं एक गंधकाचं संयुग रक्तात मिसळून फुप्फुसांतून श्वासावाटे बाहेर पडत राहतं. दूध प्यायल्यावर जरा कमी होतो. एक आगाऊपणाही केला: दाढ दुखली म्हणून ठेचलेला लसूण हिरडीला दाबून धरला. फोड आला! पुढे दाढ काढायची ठरली तेव्हा डॉक्टरांनी आठवडाभर आधी लसूण बंद करायला लावला, रक्त गोठायला वेळ लागू शकतो म्हणून. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असतील त्यांनी विचारल्याशिवाय हे सुरू करू नये.

आता आकडे. एलडीएल १४८ वरून १४५, म्हणजे जिथल्या तिथे. अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठात १९२ जणांवर सहा महिने कच्चा लसूण आणि गोळ्या दोन्ही करून पाहिलं होतं. २००७ साली निकाल आला, एलडीएलवर परिणाम नाही. हे आधी वाचलं असतं तर बाटलीचे पैसे वाचले असते. रक्तदाब मात्र १४२ वरून १३४ वर आला. वाढलेल्या रक्तदाबावर लसणाचा थोडाफार परिणाम काही चाचण्यांत दिसला आहे, पण मी त्याच काळात लोणचं-पापड सोडले आणि संध्याकाळी चालायला लागलो, तेव्हा श्रेय कुणाचं हे मी छातीठोकपणे सांगणार नाही. सर्दी दोनदा झाली, नेहमीसारखीच.

डॉक्टरांची गोळी आता सुरू झाली आहे. लसूणही चालू आहे, पण एकच पाकळी, कच्च्या चटणीत, कारण चव लागली आहे. अर्धी बाटली फ्रीजवर पडून आहे.