नेहमीची शाळा की विशेष शाळा? आधी मधली सुट्टी बघून या

स्वमग्न (ऑटिझम असलेल्या) मुलाच्या प्रवेशाची वेळ आली की घरात दोन तट पडतात. एक म्हणतो, "चार मुलांत राहिला तरच शिकेल." दुसरा म्हणतो, "चार मुलांतच तर त्याचे हाल होतात." दोघांचंही खरं असतं, हीच पंचाईत.

नेहमीच्या शाळेकडे ओढा असलेले पालक गुणांबद्दल फारसं बोलत नाहीत. त्यांना हवी असते सोबत: पाळी येईपर्यंत थांबायला शिकणं, कुणाच्या तरी वाढदिवसाचं बोलावणं. हक्कही त्यांच्या बाजूने आहे. विशेष गरजांच्या मुलांच्या शिक्षणाबद्दलचं युनेस्कोचं १९९४ चं सालामांका निवेदन आणि संयुक्त राष्ट्रांच्या २००६ च्या अपंग हक्क करारातलं कलम २४, दोन्ही सर्वसमावेशक शिक्षणाचाच, म्हणजे सगळ्या मुलांनी एकत्र शिकण्याचाच, आग्रह धरतात. पण हक्काने बाक मिळतो. घंटा वाजताच कान दाबून त्याच बाकाखाली शिरणाऱ्या मुलाला समजून घेणाऱ्या बाई मिळतीलच असं नाही. शिवाय काही मुलं दिवसभर स्वतःला आवरून धरतात आणि घरी दप्तर टाकलं की रडून, आपटून सगळं बाहेर काढतात. शाळा सांगते, "इथे तर अगदी शहाण्यासारखा असतो." हे ऐकून हुरळून जाऊ नका.

विशेष शाळेत पट लहान, शिक्षक प्रशिक्षित, भिंतीवर चित्रांचं वेळापत्रक. आईवडिलांना रोज कुणाची माफी मागावी लागत नाही; याचं मोल त्यातून गेलेल्यालाच कळतं. मात्र आसपासच्या मुलांशी ओळखच राहत नाही, आणि अभ्यासात पुढे असलेलं मूल तिथे कंटाळू शकतं.

नेहमीच्या शाळेत सोबत शॅडो टीचर, म्हणजे वर्गात त्या एकाच मुलाजवळ बसून त्याला मदत करणारी शिक्षिका, देणं हा मधला मार्ग. चांगला, पण एक खोच आहे: वर्गशिक्षिका हळूहळू त्या मुलाकडे बघेनाशाच होतात. तो शॅडो टीचरचा, 'तिचा' विद्यार्थी होऊन बसतो.

इतर पालकांची कुरकुर असतेच, "आमच्या मुलांचा वेळ जातो." वर्गात पुरेसे हात नसतील तर ती अगदीच खोटीही नसते.

मूल बोलतं की नाही यावरून निवड करू नये असं मला वाटतं. गोंगाट किती सोसतो ते बघा. शाळा बघायला जाल तेव्हा मधल्या सुट्टीतच जा. तास आखलेला असतो, सुट्टीला आखणी नसते, आणि ही मुलं तिथेच एकटी पडतात. मग मुख्याध्यापकांना विचारा, मूल बिथरलं तर त्याला कुठे नेता? शांत खोली दाखवली, कोण सोबत बसतं ते सांगितलं, तर पुढे बोला. "तुम्हाला फोन करू" एवढंच उत्तर आलं, तर मी तरी दुसरी शाळा बघेन.