हाताने घडवलेला जुन्या घाटाचा स्पोरन: सगळं मस्त, फक्त फोन मावत नाही

पार्सल उघडल्यावर पहिलं काम काय केलं तर खटका उघडून बघितला. कट्ट. बंद केला. परत उघडला. बायको म्हणाली झालं का तुझं, तर नाही, पुढची दहा मिनिटं तेच चालू होतं.

तर विषय स्पोरनचा. स्कॉटलंडमधले पुरुष घालतात त्या घागऱ्यासारख्या किल्टवर पुढे कमरेला जी पिशवी लटकते ना, ती. किल्टला खिसे नसतात त्यामुळे पैसे, किल्ली, जे काय असेल ते हिच्यात, आणि गेलिकमध्ये, म्हणजे स्कॉटलंडच्या जुन्या भाषेत, शब्दाचा अर्थच मुळी पैशाची पिशवी, म्हणजे आपला बटवाच म्हणा की. एडिनबरात येऊन सहा वर्षं झाली, भाड्याचा किल्ट घालून दोन लग्नांना जाऊन आलो, त्या भाड्याच्या सेटमधला स्पोरन म्हणजे मशीनवर ठसा मारलेलं कडक चामडं, वर चकचकीत मुलामा आणि मागे प्रेस बटण. दुसऱ्या लग्नात ते बटणच हातात आलं. तेव्हा ठरवलं की घ्यायचा तर एकदाच, नीट.

खरं खूळ डोक्यात शिरलं ते चेंबर्स स्ट्रीटवरच्या नॅशनल म्युझियममध्ये. तिथे १८व्या शतकातली स्पोरनची एक क्लॅस्प, म्हणजे तोंड बंद करायची धातूची पकड, आहे, पितळ आणि पोलादाची, आणि तिच्यात चार छोटी पिस्तुलं लपवलेली आहेत!! म्हणजे कोणी चोरून पिशवी उघडायला गेला की ठो. सर वॉल्टर स्कॉटने ती बघितली आणि १८१७ च्या कादंबरीत थेट रॉब रॉय ह्या डाकूच्या कमरेला लटकवून दिली. (प्रवेश फुकट आहे, पावसाच्या दिवशी जा, म्हणजे कुठल्याही दिवशी जा.) त्या काचेसमोर उभं राहिल्यावर कळलं की ह्या वस्तूत खरी गंमत चामड्यात नाहीच, ती वरच्या धातूत आहे.

त्या धातूच्या कमानीला कॅन्टल म्हणतात. ह्या कमानी येण्याआधीचे स्पोरन साधे, हरणाचं नाहीतर वासराचं कातडं, तोंडाशी वाद्या ओवून चुणी घालून ओढलेलं, चंचीसारखं. १७व्या शतकाच्या शेवटाकडे आणि १८व्याच्या सुरुवातीला त्याच्यावर पितळेच्या कमानी यायला लागल्या, श्रीमंतांकडे क्वचित चांदीच्या. मला हाच घाट हवा होता. नंतर व्हिक्टोरिया राणीच्या काळात घोड्याच्या केसांचे लांबलचक स्पोरन आले, पलटणी अजून घालतात, परेडमध्ये झकास दिसतात पण माझ्या उंचीला ते म्हणजे कमरेला झाडू बांधल्यासारखं होईल.

ज्यांच्याकडून घेतला ते एकटेच काम करतात, घरामागे छोटं वर्कशॉप. नाव टाकत नाही कारण त्यांनीच सांगितलं की वर्षभराच्या ऑर्डरी अंगावर आहेत, अजून नकोत. जुन्या नमुन्यांची मापं घेऊन, चित्रं काढून त्यावरून करतात. मी दोनदा जाऊन बसलो तिथे. लाकडी नमुना वाळूत दाबून साचा करायचा, त्यात वितळलेलं पितळ ओतायचं, गार झालं की जादाचं कापून टाकायचं, आणि मग कानस. कानस, कानस आणि कानस. मला वाटायचं ओतकाम म्हणजे मुख्य काम, तर ते म्हणाले की ओतणं सकाळभराचं, घासणं आठवडाभराचं. पुढच्या बाजूला कंपासने काढल्यासारखी एकात एक वर्तुळं आणि बारीक रेघा कोरल्यात, आणि त्या हाताने कोरलेल्या आहेत हे कळतं कारण एका ठिकाणी रेघ किंचित हललीये. मला ती हललेली रेघ जाम आवडते. मागच्या बाजूला कानशीचे ओरखडे तसेच ठेवलेत, मुद्दाम.

आता खटका. कमानीवर दोन गोल मुठी आहेत, त्यातली एक नुसती शोभेची आणि दुसरी अर्धा फेरा फिरवली की आतली जीभ सरकते आणि पुढची कमान बिजागरीवर खाली येते. नवीन माणसाला हमखास उघडत नाही. ऑफिसात तिघांना दिला, तिघेही चुकीची मूठ पिळत बसले. बिजागरीची पिन पितळेची नाही, पोलादाची आहे, कारण रोज झिजणारी तीच. जत्रेतल्यासारख्या दुकानांतून ४०-५० पौंडात जे मिळतात त्यात कमान जस्ताच्या मिश्रधातूची आणि वर मुलामा, दोन वर्षांत कडेला मुलामा उडून करडं दिसायला लागतं. हा आरपार पितळ आहे, काळा पडेल पण सोलून निघणार नाही.

पिशवी हरणाच्या कातड्याची, इतकी मऊ की खिशातल्या रुमालासारखी दुमडते. कमानीच्या कडेला ओळीने भोकं पाडलीत आणि त्यातून मेण लावलेल्या लिननच्या दोऱ्याने दोन सुया वापरून शिवलंय, म्हणजे एक टाका तुटला तरी बाकीचे उसवत नाहीत. पुढे तीन गोंडे. आत एकच छोटा कप्पा.

आणि इथेच घोटाळा. मोबाईल मावत नाही! पिशवीत मावतो, पण कमानीच्या तोंडातून आत जात नाही. चूक माझीच, त्यांनी विचारलं होतं की आत काय ठेवणार आणि मी आपला भाव खात म्हटलं की अस्सल मापाचाच करा. आता अस्सल आहे, बसा. २५ जानेवारीला बर्न्स नाइटचा, म्हणजे कवी रॉबर्ट बर्न्सच्या जयंतीचा, केली होता, म्हणजे नाचगाण्याचा कार्यक्रम (लिहितात ceilidh, पण उच्चार केलीच आहे, त्यावरचे मराठी विनोद मी सहा वर्षांत संपवलेत), तिथे फोन अख्खी रात्र बायकोच्या पर्समध्ये. स्ट्रिप द विलो नाचताना स्पोरन कमरेवर बाजूला सरकवायचा असतो, नाहीतर पितळेची कमान भलत्या ठिकाणी आपटते. हे मला पहिल्या फेरीत कळलं. वजन आहे हो त्याला.

दुसरी तक्रार पट्ट्याची. कॅन्टलवर एवढी मेहनत आणि पट्टा मात्र इतका कडक की पहिल्या दिवशी कमरेला वळ उठला. फोन केला तर म्हणाले तेल लाव आणि घालून हिंड, तीन आठवडे हिंडलो, थोडा नरमला, पण इतक्या पैशात हे त्यांनी करून द्यायला हवं होतं असं माझं स्पष्ट मत आहे. तिसरं म्हणजे सांगितले चार महिने आणि लागले सात. मधे एक कमान ओतताना तिच्यात हवेचा बुडबुडा राहिला म्हणून त्यांनी ती मोडीत टाकून परत केली, ते त्यांनी स्वतःहून सांगितलं, त्यामुळे रागावता पण येईना.

किंमत ४५० पौंड. हो, माहितीये. घरी पण हाच चेहरा झाला होता. रोज किल्ट घालणारा नसाल तर भाड्याचा बरा, उगाच खर्च करू नका. पण माझं म्हणणं एवढंच की स्कॉटलंडच्या डोंगराळ हायलँड भागातले बंडखोर कल्लोडनची लढाई हरल्यावर १७४६ च्या कायद्याने हायलँडचा पोशाख घालायलाच बंदी आली, पलटणीतले सोडून पुरुष-पोरं कोणी घालायचा नाही, ती उठली थेट १७८२ मध्ये, आणि त्याच्या आधीचा घाट आज एक माणूस कानस घेऊन परत काढतोय तर त्याचे आठवडे मोजले की ४५० जास्त वाटत नाहीत.

पॉलिश करू नका असं त्यांनी दोनदा बजावलंय, नुसतं सुक्या फडक्याने पुसा. भिजला तर हीटरजवळ ठेवू नका, कातडं आवळतं. आणि ऑर्डर देताना फोन सोबत न्या, तोंडाचं माप फोन ठेवून घ्यायला सांगा, अस्सलपणा गेला उडत.