आजोबांच्या पदकांची पेटी-फ्रेम: मेन रोडवरच्या कारागिराचं काम

1971 ची लढाई पाहिलेले, निवृत्तीनंतर दुकान थाटणारे, अडलेल्याकडे उधारीचा तगादा न लावणारे आजोबा एका चौकटीत मांडायचे, तर साधी फ्रेम पुरत नाही. नाशिकच्या मेन रोडवरच्या या कारागिरानं 40 मि.मी. खोल पेटी केली आहे आणि काम खरोखर जीव लावून केलंय.

पदकं गोंदानं चिकटवलेली नाहीत. रिबिनीच्या मागून सुती दोऱ्यानं टाचलीत, म्हणजे उद्या काढून कडेवरचा नंबर आणि नाव वाचता येईल. त्यानं पदकांना ब्रासो (धातू चकचकीत करायचं पॉलिश) लावू दिलं नाही, हे फार चांगलं. घासून घासून तीच अक्षरं पुसट होतात. क्रम मात्र पहिल्यांदा उलटा लागला होता. बघणाऱ्याच्या डावीकडून पश्चिमी स्टार, मग संग्राम मेडल, मग सैन्य सेवा मेडल, असं कागदावर लिहूनच द्या आणि टाचण्याआधी फोटो मागवा.

फोटो काचेपासून सुटा हवा. दमट हवेत तो काचेला चिकटला की सोडवताना फाटतो. आजोबांच्या दुकानाच्या पहिल्या पावतीची रंगीत प्रत लावा, अस्सल पावती उजेडात शाई सोडते.

पाठीमागे ओल शोषणाऱ्या सिलिका जेलची पुडी आहे, पण फ्रेम भिंतीपासून सुटी ठेवणारे बुचाचे तुकडे खालच्या कोपऱ्यांना नाहीत. ते आवर्जून मागा. पावसाळ्यात भिंतीची ओल थेट पाठीच्या प्लायवूडमध्ये चढते.