दंडावरचा नाडीपट्टा : डबी झकास, इलॅस्टिक सुमार

चालताना नाडी ११०च्या वर जाऊ देऊ नका म्हणून डॉक्टरांनी बजावलं, तेव्हा धाकट्या लेकीनं दंडावर बांधायचा हा कापडी पट्टा मागवून दिला. चार हजारांच्या आसपास पडला. माझी हयात इचलकरंजीत यंत्रमागांवर गेलीय, त्यामुळं खोक्यातनं काढल्याबरोबर आधी कापड ताणून बघितलं. तेव्हाच शंका आली होती.

आतल्या बाजूला रुपयापेक्षा थोडी मोठी डबी, तिच्यात हिरवे दिवे आणि प्रकाश टिपणारा सेन्सर. ठोक्यासरशी कातडीखाली रक्त वाढतं, ते हिरवा प्रकाश शोषतं, परत येणारा उजेड तेवढा कमी होतो. या चढउतारावरून नाडी मोजतात. म्हणजे डबी कातडीला नीट टेकून राहिली पाहिजे, आणि ते काम इलॅस्टिकचं. सैल सुटलं की बाहेरचा उजेड आत शिरतो, फार आवळलं तर बारीक रक्तवाहिन्याच दबतात.

नवा होता तोवर आकडा मानेवर बोटं ठेवून मोजलेल्या नाडीशी जुळायचा. उन्हाळ्यात घामानं इलॅस्टिकमधल्या स्पॅन्डेक्सचा, म्हणजे ताणणाऱ्या धाग्याचा, जीव गेला, पट्टा कोपराकडं घसरायला लागला. एके सकाळी झपाझप चालताना आकडा ११८वर जाऊन बसला, हलेचना. मानेची नाडी धरली तर शंभराच्या आत. मग पावलं मोजली. मिनिटाला साधारण तेवढीच! डबी पावलागणिक हलत होती आणि तो हेलकावाच ठोका धरून चालली होती.

खोक्यावर मात्र ‘स्मार्ट कापड’ छापलंय. १९९६ साली अमेरिकेत जॉर्जिया टेकमध्ये सुंदरेसन जयरामन यांनी तिथल्या नौदलाच्या पैशावर सैनिकांसाठी सदरा करायला घेतला, त्यात प्रकाशतंतू कापडातच विणले होते. गोळीनं तंतू तुटला की प्रकाश अडायचा, जखम कुठं ते कळायचं. त्याला म्हणावं स्मार्ट कापड. इथं कापड नुसतं डबी धरायला, आणि तेही धड धरत नाही.

ओळखीच्या टेपवाल्याकडनं घट्ट विणीचं इलॅस्टिक आणून शिवून घेतलं, तेव्हापासून आकडा पुन्हा जुळतोय. ऑक्सिजन बघायचा असेल तर हा घेऊ नका. त्याला लाल आणि इन्फ्रारेड दिवे लागतात, यात फक्त हिरवे आहेत. धुताना डबी काढा, गार पाणी वापरा, सावलीत वाळवा. दोन मापं मिळतात. दंड बारीक असेल तर लहानच मागवा.