गावातल्या केबलवाल्याचं फायबर : वर्षभर वापरून झाल्यावर लिहितोय
गाव दापोली तालुक्यात, दोन डोंगरांच्या मधे खोलगटात, त्यामुळे मोबाईलला घरात रेंजच नाही, खळ्यात उभं राहिलं की फोर जी दिसतं पण पेज काही उघडत नाही. म्हणून लोकल केबलवाल्याकडून फायबर घेतलं. नाव लिहीत नाही कारण पुढे तक्रार पण आहे. ५० एमबीपीएस, महिना ४९९ अधिक जीएसटी म्हणजे ५८९ पडतात.

स्पीड खरंच मिळतो हो. दुपारी ४५ च्या आसपास, रात्री जेवणं झाली की सगळी वाडी ऑनलाईन असते तेव्हा २० पर्यंत उतरतो, पण तरी मुलीचा क्लास अडकत नाही आणि आंब्याच्या सीझनला पेट्यांच्या ऑर्डरी, पेमेंट सगळं घरबसल्या होतं. आपल्याकडे सरकारी व्याख्येत २ एमबीपीएसला पण ब्रॉडबँडच म्हणतात, २०२३ च्या आधी तर ५१२ केबीपीएसलाच म्हणायचे, त्यामुळे नुसतं ब्रॉडबँड आहे ऐकून पैसे भरू नका, आकडा विचारा. केंद्र सरकारची भारतनेट योजना २०११ ला मंजूर झाली तीच मुळात ग्रामपंचायतीपर्यंत फायबर न्यायला, पुढे घरापर्यंतचा तुकडा कोणीतरी टाकावा लागतोच, आमच्याकडे तो या माणसाने टाकला. त्याचं श्रेय त्याला द्यायलाच पाहिजे.

आता पावसाळा. वायर खांबावरून आणि झाडांतून आलीय, जून लागला की फांदी पडते, वायर ताणते नाहीतर तुटते, राउटरवर लाल दिवा. फोन केला की पोरगा येतो, वायरीतून येणारा प्रकाश मोजायचा मीटर लावतो, वायर नुसती ताणली असली तर एरवी मायनस २१-२२ दाखवतं ते मायनस २९ झालेलं असतं, म्हणजे प्रकाश फारच कमी, मग नेट टिकणार कसं? एकदा तर वायर तुटलीच नव्हती, खिडकीच्या कोपऱ्यात खिळा मारून इतकी घट्ट वळवली होती की प्रकाश तिथेच गळत होता, सैल गोल करून दिली आणि नेट लगेच सुरू. पण खरोखर तुटली की तुटलेली टोकं जोडायचं स्प्लायसिंग मशीन लागतं, आणि ते त्यांच्याकडे एकच! दुसऱ्या गावात गेलं असलं की आपण बसा वाट बघत, आणि त्या दिवसांचे पैसे काय कमी होत नाहीत. हे मला अजिबात पटत नाही.

लाईट गेली तर राउटरला छोटा यूपीएस घ्या, हजार-दीड हजारात येतो. पण केबलवाल्याच्या टोकाला बॅटरी आहे का हे आधी विचारा, नाहीतर तुमच्या यूपीएसचा काही उपयोग नाही.

स्पीडला पाचपैकी चार, सर्व्हिसला दोन. येणाऱ्या पोराला मात्र पूर्ण मार्क, भर पावसात शिडी लावून चढतो बिचारा. मालक वाचत असतील तर एवढंच, दुसरं मशीन घ्या, मी वर्षाचे पैसे आगाऊ भरतो.